धुऱ्यावरच्या आंब्याचं लग्न

यज्ञेश्वर गभणेला कुणी विचारलं, की भाऊ, तुम्ही करता काय, तर तो उलट विचारतो, "उन्हाळ्यात का पावसाळ्यात?" उन्हाळ्यात तो ठेकेदार असतो. जुना ट्रॅक्टर, मागे लोखंडी पातं, आणि रायपूरच्या आसपास कुणाला जमीन सपाट करून हवी असेल, धुरा, म्हणजे शेताचा बांध, चढवायचा किंवा मोडायचा असेल, झाडं-झुडपं उपटायची असतील, तिथे हा हजर. पावसाळ्यात तो शेतकरी असतो. फक्त शेत त्याचं नसतं, एवढंच.

रायपुरातल्या भनपुरीला त्याच्या आणि माझ्या घराची भिंत एकच आहे. मी पोस्टातून निवृत्त झालेली बाई, एकटी राहते, आणि माझा स्वभाव तापट आहे असं लोक म्हणतात. लोक बरोबरच म्हणतात. यज्ञेश्वरचे वडील शामराव भंडाऱ्याकडून रेल्वेच्या गँगमध्ये कामाला आले आणि इथलेच झाले. पोराने रेल्वेत लागावं म्हणून त्यांनी फार आटापिटा केला. पोरगा परीक्षेला बसायचा आणि नापास होऊन हसत घरी यायचा. शेवटी शामरावांनी हात टेकले. मग यज्ञेश्वर दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसला, पुढे स्वतःचा घेतला, आणि सिलतऱ्याच्या मागे एका गावात पत्कींचं शेत रेगह्याने कसायला लागला. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तिथल्या लोकांना पुन्हा तोंड दाखवायचं आहे मला.

रेगहा ही इकडची पद्धत. मालकाने हंगामापुरतं शेत द्यायचं, कसणाऱ्याने ठरलेलं धान मालकाच्या दारात पोचवायचं, उरलेलं त्याचं. कागद नाही, सही नाही. कागद केला तर तोच उद्या कोर्टात आपल्याविरुद्ध उभा राहील अशी मालकांना धास्ती असते. म्हणून सगळं तोंडी, आणि दर अक्तीला, म्हणजे आपल्या अक्षय तृतीयेला, नव्याने. पत्कींच्या घरी याची एक रीत होती. यज्ञेश्वर आणि त्याची बायको सुशीला पळसाच्या पानांच्या द्रोणात बियाण्याचं धान घेऊन समता कॉलोनीत जायचे. रामकृष्ण पत्की, ऐंशीच्या पुढचा माणूस, द्रोणातलं मूठभर धान उचलून कपाळाला लावायचे आणि परत द्रोणात सोडायचे. झालं. शेत वर्षासाठी यज्ञेश्वरचं. मग त्यांच्या पत्नी मीराकाकू चहा आणायच्या.

पत्की हे भोसल्यांच्या काळापासून रायपुरात असलेलं घराणं. वकिली, डॉक्टरी, नोकऱ्या; शेतात पाय कुणाचाच नाही. रामकृष्णकाका वर्षातून एकदा गाडीतून येऊन शेत बघायचे, तेही खाली न उतरता. यज्ञेश्वरने त्या शेताचं सोनं केलं असं मी म्हणणार नाही, कारण सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी भुकटी तिथल्या प्रत्येक पानावर बसते आणि तिथे कशाचंच सोनं होत नाही. पण धुरे त्याने असे बांधले होते की डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन बाई न डगमगता चालत जावी. लोकांचे धुरे तो पैशासाठी मोडायचा, आणि हे मात्र दर उन्हाळ्यात हाताने लिंपायचा. मी त्याला चिडवायचे, की बाबा, तुझ्या डाव्या हाताचं उजव्याशी पटत नाही. तो म्हणायचा, "पोटाले दोन्ही हात लागतात, ताई."

आता आंबा.

तो कुणी लावला नव्हता. सुशीलाने एका दुपारी जेवताना आंबा खाल्ला आणि कोय धुऱ्यावर फेकली. कोय रुजली. सुशीला कमी बोलते आणि रोखठोक बोलते. झाडाफुलांचं वेड तिला अजिबात नाही. पण रुजलेलं मोडायचं नाही एवढं तिला कळतं. तिने भोवती बाभळीचे काटे रोवले, शेळ्या हाकलल्या, उन्हाळ्यात पाणी घातलं, आणि पानांवरची काळी भुकटी पदराने पुसली. त्यांची पोरगी राधिका लग्न होऊन गोंदियाला गेली तेव्हा ते झाड कमरेएवढं होतं. यंदा माघात त्याला पहिला मोहोर आला.

सुशीलाच्या डोक्यात लोणचं होतं. दुसरं काही नव्हतं. पण शेजारच्या शेतवाल्या शंकरची बायको कलावती हिने तिला अडवलं. त्या गावची रीत अशी, की ज्याने आंबा वाढवला त्याने आंब्याचं लग्न लावल्याशिवाय त्याचं फळ तोंडात घालायचं नाही. घातलं तर बाधतं. आणि रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, येणाऱ्या बायाही अशा झाडाच्या सावलीत जेवायला बसत नाहीत. शंकरच्या धुऱ्यावर एक चिंच होती, चांगली वयात आलेली. कलावती म्हणाली, आमची पोरगी आहे, तुमचा पोरगा आहे, करून टाकू.

सुशीला घरी येऊन म्हणाली, "लगन करा लागते झाडाचं."

यज्ञेश्वर हसून हसून बेजार झाला. मग त्याने दुसऱ्याच दिवशी बँडवाल्याला विचारलं. असा माणूस आहे तो.

आणि इथेच त्याने हात दाखवून अवलक्षण केलं. लग्न गुपचूप गावातल्या गावात झालं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण यज्ञेश्वरला वाटलं, शेत ज्यांचं त्यांना न बोलावणं म्हणजे उद्धटपणा. तो हळदीच्या अक्षता घेऊन समता कॉलोनीत गेला. मीही सोबत होते, दात दाखवायला. पत्कींचा मुलगा शिशिर दातांचा डॉक्टर आहे, दवाखाना घरातच खाली. मुलगा वाईट नाही. दात चांगला काढतो, पैसेही फार घेत नाही. मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीतून देतो.

रामकृष्णकाकांनी अक्षता हातात घेतल्या आणि लहान मुलासारखे खुलले. "येणार, नक्की येणार. आमच्या वडिलांच्या वेळी एकदा असं लग्न पाहिलं होतं."

शिशिर हात पुसत वर आला. "किसकी शादी है, भैया?"

"आपल्या धुऱ्यावरच्या आंब्याची," यज्ञेश्वर म्हणाला.

"और लड़के का बाप कौन?"

"म्या अन् सुशीला बसून राहिलो ना. तुम्ही पाहुणे म्हणून या, काहीच करा लागत नाही तुमाले."

मी शिशिरचा चेहरा पाहत होते. स्वतःच्या बापजाद्यांच्या शेतात कुणी आपल्याला पाहुणा म्हणून बोलावतं तेव्हा माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. यज्ञेश्वरने पाहिलं नाही. तो काकूंना अक्षता द्यायला स्वयंपाकघराकडे वळला होता.

लग्न झोकात झालं. आंब्याला धोतर गुंडाळलं, मुंडावळ्या बांधल्या. चिंचेला लाल साडी, हिरव्या बांगड्या फांदीला दोऱ्याने बांधलेल्या. दोन्ही धुऱ्यांच्या मध्ये सुताचा धागा. रामकृष्णकाकांना आणि शिशिरला यज्ञेश्वरने प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सर्वांत पुढे बसवलं, नारळ दिला, खांद्यावर गमछा घातला. पाहुण्यांचा मान करण्यात त्याने तसूभर कसर ठेवली नाही. गावच्या बैगाने, म्हणजे तिथल्या देवाचं करणाऱ्या पुजाऱ्याने, रीतीप्रमाणे मोठ्याने विचारलं, की मुलाचा बाप कोण. यज्ञेश्वरने सगळ्या गावासमोर हात वर केला. पुन्हा विचारलं, हे झाड कुणाच्या हाताचं? "आमच्या," यज्ञेश्वर आणि सुशीला एकदम म्हणाले. गावाने "हव, हव" म्हणून साक्ष दिली. कारण साक्ष दिल्याशिवाय ते लग्न लागतच नाही.

शिशिर मोबाइलवर सगळं टिपत होता. मला वाटलं, पोराला हौस आहे.

हौस नव्हती. शिशिरच्या आत्याच्या घरची जमीन कधीकाळी एका कसणाऱ्याने कोर्टात जाऊन आपल्या नावावर करून घेतली होती. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. त्याने ते चित्रण कुणा वकील मित्राला दाखवलं, आणि मित्र म्हणाला, की एवढ्या साक्षीदारांसमोर कबजा सांगायची याहून सोपी युक्ती मला माहीत नाही. हे मला नंतर मीराकाकूंनी सांगितलं. शिशिरची भीती खोटी नव्हती. ती फक्त चुकीच्या माणसाला जाऊन चिकटली. पण त्यामुळे ती कमी होत नाही, हेही मला मान्य आहे.

अक्तीला दोघं द्रोण घेऊन गेले. मी गेले नव्हते. जे झालं ते सुशीलाने भिंतीपलीकडून सांगितलं, आणि यज्ञेश्वरने मान हलवून खरं केलं. रामकृष्णकाकांनी धानासाठी हात पुढे केला. शिशिरने तो हात हळूच धरला आणि खाली ठेवला.

"पहले वो पेड़ हटाओ. फिर बाबा हाथ लगाएँगे."

यज्ञेश्वरला आधी समजलंच नाही. समजल्यावर तो जे सुचेल ते बोलत सुटला. झाड तुमचंच आहे, शिशिरभैया. कैऱ्या सगळ्या तुमच्या. मले एकही नको. म्या लिहून देतो, अंगठा देतो, सही देतो.

"कागज पे आपका नाम ही तो नहीं चाहिए मुझे," शिशिर म्हणाला. ओरडला नाही तो. दात काढण्याआधी पेशंटला समजावतात तसा समजावत होता. झाड काढा, फोटो पाठवा, शेत तुमचंच. नाहीतर दुसरा माणूस तयार आहे.

यज्ञेश्वरने काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "आता सगळं शिशिरच पाहतो रे." मग ते द्रोणाकडे पाहत बसले. त्या दिवशी चहा आला नाही.

यज्ञेश्वरची अडचण मी सांगते, म्हणजे त्याला लगेच दोष द्यायला नको. ट्रॅक्टरचं काम आता पूर्वीसारखं राहिलं नाही. मोठी पिवळी यंत्रं आली. जे काम त्याला आठवडा पुरायचं ते ती सकाळच्या चहाआधी उरकतात. उरल्यासुरल्या धुऱ्यांवर आणि कोपऱ्यांवर त्याचं चालतं, तेही पाऊस पडेपर्यंत. आणि शेत आता रेगह्याने देतं कोण? त्या गावातली अर्धी शेतं प्लॉट पाडून विकली गेली, उरलेल्यांचे मालक भाव वाढायची वाट पाहत ती पडीक ठेवतात. पत्कींचं शेत गेलं तर यज्ञेश्वरसारख्याला दुसरं मिळणार नाही. मग या वयात उरला भागातल्या कारखान्यांच्या गेटवर उभं राहून रोजंदारी मागायची. घरात वर्षाचा तांदूळ आहे तोवर माणूस ताठ चालतो, आणि तो तांदूळ त्या शेतातून येत होता.

त्या दिवशी भिंतीपलीकडून मी जे ऐकलं ते चोरून ऐकलं नाही. ते दोघं अंगणात बसले होते आणि मी माझ्या अंगणात.

"तोडायचं नाही," सुशीला म्हणाली.

"मग खायचं काय?"

"काहीही खाऊ. मी चार घरी भांडे घासीन."

"तू काहून भांडे घासशील? झाड हाय ते, सुशीला. आजवर म्या ठेक्यात किती झाडं पाडले, तू कधी एक शब्द बोलली का?"

"नाही बोलली. ते लोकाचे होते. यावर आपण हात वर केला." मग ती म्हणाली, "गावासमोर बाप म्हनून बसले तुम्ही. जबरदस्ती कोनी नव्हती केली."

"मग काय करू म्या? सांग ना. शेत सोडू?"

"सोडा."

 मला फार राग आला होता, पण कुणाचा तेच कळत नव्हतं. शिशिरचा, काकांचा, त्या बैगाचा, आणि थोडा सुशीलाचासुद्धा, कारण सोडा म्हणणं सोपं असतं. नंतर विचार केला तर ते सोपं नव्हतं. भांडी तिला घासायची होती.

यज्ञेश्वरने आंबा तोडला. ट्रॅक्टर नेला नाही. एरवी साखळी बांधून एका हिसक्यात उपटला असता. कुऱ्हाड घेऊन सायकलवर गेला, भर उन्हात, लोक घरात असतात अशा वेळी. शंकर तेवढा आपल्या शेतात होता. तोच व्याही. त्याने पाहिलं, हातातलं काम खाली ठेवलं आणि पाठ करून उभा राहिला. यज्ञेश्वर त्याला काहीतरी सांगायला गेला तर शंकर म्हणाला, "हव, भैया, समझ गेंव." पण तोंड वळवलं नाही. झाडाला तेव्हा कैऱ्या होत्या, सुपारीपेक्षा जरा मोठ्या.

मग कलावती आली. सोबत दोन म्हाताऱ्या बाया होत्या. त्यांनी यज्ञेश्वरकडे पाहिलंही नाही. त्या चिंचेपाशी गेल्या, फांदीच्या हिरव्या बांगड्या सोडल्या, लाल साडीचा जो काही फाटका तुकडा उरला होता तो काढला, आणि सगळं घेऊन तलावाकडे निघून गेल्या. रडणं-ओरडणं काही नाही. यज्ञेश्वरने मला हे सगळं सांगितलं. म्हणाला, "ताई, मले शिव्या घातल्या असत्या तं बरं झालं असतं."

त्याने फोटो पाठवला. शिशिरकडून वर केलेला अंगठा आला, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी रामकृष्णकाकांनी धान कपाळाला लावलं. यज्ञेश्वर एकटाच गेला होता. काका त्याला म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस." मोठ्या माणसांना एवढं सांगून मोकळं होता येतं.

सुशीला भांडली नाही, रुसली नाही, माहेरी गेली नाही. स्वयंपाक करायची, डबा बांधून द्यायची. शेताचं नाव मात्र पुन्हा तिच्या तोंडी आलं नाही. यज्ञेश्वर मुद्दाम विचारायचा, पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, कधी टाकू, यंदा कोणतं बियाणं घेऊ. पूर्वी या सगळ्याचा निर्णय तिचाच. आता ती म्हणायची, "तुमाले वाटन ते करा." त्याला वाटलं, पाऊस पडला की येईल ताळ्यावर. रोपं वाफ्यात हिरवी झाली की तिला घरात राहवत नाही, हे त्याला माहीत होतं. मलाही तसंच वाटलं होतं.

रोवणीच्या पहिल्या दिवशी मी दरवर्षी जाते. चिखलात उतरत नाही, धुऱ्यावर बसून बायांची गाणी ऐकते आणि त्यांच्यासोबत जेवते. यज्ञेश्वर पहाटेच ट्रॅक्टर घेऊन चिखलणीला गेला होता. मी ऑटोने पोचले तेव्हा गावातल्या बाया धुऱ्यावरून येत होत्या. पुढे कलावती. रांगेच्या शेवटी, साडी वर खोचून, डोक्याला फडकं बांधून, सुशीला.

यज्ञेश्वरचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. तो ट्रॅक्टरवरूनच म्हणाला, "आली का? मले माहीत होतं." सुशीलाने मान खाली घालून पऱ्ह्यांची जुडी उचलली आणि बायांच्या ओळीत उतरली. दरवर्षी ती ओळीच्या टोकाला असायची, दोरी तिच्या हातात, अंतर तीच सांगायची. यंदा ती मधोमध होती आणि दोरी कलावतीच्या हातात. दुपारी घरचा डबा यज्ञेश्वरच्या शेजारी ठेवून ती बायांत जाऊन बसली आणि त्यांच्याबरोबर पेज प्यायली. आंब्याची जागा तेवढी ओलांडून सगळ्या बाया पलीकडे उन्हात बसल्या होत्या. मीही तिथेच बसले.

संध्याकाळी मजुरी वाटायची वेळ आली. बाया पाय धुऊन धुऱ्यावर रांगेने उभ्या राहिल्या. मजुरी घेऊन प्रत्येक बाई जाता जाता विचारते, उद्या येऊ का. तो म्हणतो, ये. हे दरवर्षीचंच. कलावतीने घेतली, विचारलं, गेली. तिच्यामागची गेली. शेवटी सुशीला पुढे आली आणि तिने हात पुढे केला.

यज्ञेश्वर हसला. "तुले काय पाहिजे?"

"मजुरी."

"चेष्टा करून राहिली का?"

"दिवसभर वाकली नाही का मी?"

"अवं, पण तू घरची ना."

"घरचं मानूस घरच्या शेतात फुकट राबते," सुशीला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "हे वावर आपलं हाय का? तिथं एक झाड ठेवाची आपली टाप नाही. दुसऱ्याच्या वावरात मी फुकट काहून राबू?"

बाया थोड्या पुढे जाऊन थांबल्या होत्या. कुणी हसलं नाही. यज्ञेश्वरने माझ्याकडे पाहिलं. एरवी मी कुणाच्याही भांडणात पडते, हे साऱ्या भनपुरीला ठाऊक आहे. त्या वेळी मी वाकून पिशवी आवरायला लागले, कारण ती चूक बोलत नव्हती.

त्याने इतर बायांना दिली तेवढीच मजुरी तिच्या हातावर ठेवली. सुशीलाने ती पदराच्या गाठीत बांधली. मग जायला निघाली, आणि निघताना बाकीच्या बायांनी विचारलं होतं तसंच तिने विचारलं, "उद्या येऊ का?"

"ये," यज्ञेश्वर म्हणाला.